सांगेल तेवढंच

१

अकरावीची परीक्षा संपल्यापासून स्नेहाची दुपार ठरून गेली होती. जेवणं झाली, भांडी घासून पालथी घातली, की ती डोक्यावर ओढणी घ्यायची आणि कांद्याच्या वावरांमधल्या पायवाटेनं रत्नाताईकडे निघायची. सात मिनिटांची वाट. वाटेत एक विहीर, एक कांदाचाळ आणि एक पिवळं कुत्रं. पहिल्या आठवड्यात ते अंगावर यायचं. आता नुसती मान वर करून बघायचं आणि परत पंजांवर टेकवायचं.

रत्नाताईला दिसत नव्हतं. नऊ वर्षांची असताना ताप आला आणि जाताना नजर घेऊन गेला. आता ती एकोणतिशीची होती आणि घरी राहून बाहेरून बी.ए. करत होती. सगळे पेपर निघाले होते, फक्त एक अडला होता: ब्रिटनमधलं साहित्य आणि समाज, मध्ययुगापासून जॉर्ज राजांच्या काळापर्यंत. त्यात ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या खेपेला पेपर लिहून देणारी मुलगी आयत्या वेळी आलीच नाही. दुसऱ्या खेपेला जो मुलगा आला त्याला निम्मी नावं लिहिता येईनात. या मे महिन्यानंतर जुना अभ्यासक्रम बंद होणार होता. आता पेपर राहिला, की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात.

आणि पेपर निघाला, तर जूनमध्ये पुणे. तिथल्या एका अंधशाळेनं शिकवायला ये म्हणून पत्र दिलं होतं. राहायची सोयही होती. अट एकच, पदवी हवी.

रत्नाताईच्या आईला, जानकाबाईंना, हे काही पसंत नव्हतं.

“पुन्याला कोन हाय तुझं?” त्या दारात लसूण सोलत बसायच्या आणि आत ऐकू जाईल असं बोलायच्या. “हितं मी हाय. खोली हाय. पंखा हाय.”

“मग पंख्याशीच लग्न लाव माझं,” रत्नाताई आतून म्हणायची.

“बघ बघ, स्नेहा, कशी बोलती. शिकून शिकून जिभेला धार आली.”

स्नेहा हसायची, पण काही बोलायची नाही. तिला चारचौघांत बोलणं जमत नसे. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज सरांपर्यंत पोचत नसे. म्हणून रत्नाताईच्या लेखनिकाचं काम तिला मनापासून आवडलं होतं. दुसऱ्यानं बोलायचं, आपण मान खाली घालून लिहायचं. त्यासाठी एक फॉर्म भरून द्यावा लागला होता. त्यात छापलेलं वाक्य होतं, ‘परीक्षार्थी सांगेल तेवढेच लिहीन, स्वतःचे काहीही घालणार नाही.’ त्याच्याखाली तिनं आपली पहिली खरीखुरी सही केली होती.

२

सरावाची पद्धत अशी होती. रत्नाताई पलंगावर मांडी घालून बसायची. मोबाइल उशीवर, रेकॉर्डिंग चालू. नंतर ते ऐकून तिला पाठांतर करता यायचं. स्नेहा खाली सतरंजीवर, पुढ्यात पाट आणि पाटावर वही. रत्नाताई एक वाक्य सांगायची आणि पेनाचा आवाज थांबेपर्यंत वाट बघायची. पेन थांबलं की पुढचं वाक्य. शेवटी म्हणायची, “वाच.” मग स्नेहा सगळं वाचून दाखवायची आणि रत्नाताई मान डोलवत ऐकायची.

लिहिताना स्नेहा वर बघत नसे. वर बघितलं की ओळ चुकायची.

कधी कधी मजाही यायची. लंडनमधल्या कॉफीच्या दुकानांचा प्रश्न होता. एक कप घेऊन लोक दिवसभर बसायचे, पेपर वाचायचे, राजकारण बोलायचे.

“म्हणजे आपलं स्टँडसमोरचं हॉटेल,” स्नेहा म्हणाली.

“हो, पण तिथं बायकांनी बसायचं नाही.”

“मग अगदीच आपलं.”

रत्नाताई एवढी हसली, की जानकाबाई काय झालं ते बघायला आल्या.

त्या दिवशी दुसरा प्रश्न होता तो भिंतीतल्या बायकांचा. मध्ययुगात इंग्लंडमध्ये काही बाया देवाचं नाव घेण्यासाठी स्वतःला कोंडून घेत. चर्चच्या भिंतीला लागून एक खोली बांधत. बाई आत गेली, की धर्मगुरू तिच्यावर मेलेल्या माणसाचे मंत्र म्हणत आणि दार बुजवून टाकत. ती मरेपर्यंत आतच. खोलीला तीन खिडक्या: एक चर्चच्या आत बघायला, एक जेवणाचं ताट यायला आणि तिसरी लोकांशी बोलायला. तिसरीवर कायम काळा पडदा असे. लोक येत, आपली दुःखं सांगत, पडद्याआडून ती बोले. तिचं तोंड कुणाला दिसत नसे.

“आपल्या लेण्यांतही अशाच कोठड्या आहेत,” रत्नाताई म्हणाली. “लहानपणी मी लेण्याद्रीला त्यातल्या एका दगडी ओट्यावर झोपून बघितलं होतं. पण त्या कोठड्यांना दार होतं. पाऊस संपला की भिक्खू निघायचे, पुढच्या गावाला जायचे. एवढा फरक लिहू आपण. तो मला फार मोठा वाटतो.”

स्नेहानं लिहिलं. पान भरलं, उलटलं, दुसरं अर्धं झालं.

“वाच.”

स्नेहा वाचू लागली. दुसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य होतं, ‘तिसरी खिडकी जमिनीपासून हातभरच उंच होती, त्यामुळे ऐकायला येणाऱ्याला खाली बसावे लागे.’

“थांब,” रत्नाताई म्हणाली. “हे मी कधी सांगितलं?”

“सांगितलंस की.”

“नाही गं. नोट्समध्ये नाहीये ते.” ती जरा विचार करत राहिली. “असू दे. चांगलं आहे वाक्य. कुठं वाचलंस?”

“मी कुठं नाही वाचलं. तूच म्हणालीस.”

आणि ते खरं होतं. स्नेहाला तो आवाज नीट आठवत होता. ‘हातभरच’ म्हणताना रत्नाताईनं त्यातल्या ‘च’वर किंचित जोर दिला होता.

३

पुढच्या चार दिवसांत तोच प्रश्न त्यांनी तीनदा लिहिला, कारण वेळ लावून लिहायचा सराव हवा होता. दर वेळी काही तरी जास्तीचं निघालं.

‘आत ती तीन पावले चालू शके. चौथ्या पावलाला कपाळ भिंतीला लागे.’

‘आपल्या हातांनी ती रोज थोडी माती उकरी, कारण तिला तिथेच पुरायचे होते.’

‘तिला लिहिता येत नसे. खिडकीबाहेर एक मुलगी बसे आणि ती सांगेल ते लिहून घेई. मुलगी लाजाळू होती. ती वर बघत नसे.’

हे शेवटचं वाचताना स्नेहाचा आवाज बारीक झाला. बाहेर जानकाबाई कोंबड्यांना हुसकत होत्या.

“स्नेहा,” रत्नाताई म्हणाली, “मी तुला काही बोलणार नाही. तू हुशार आहेस, तुला सुचत असेल. पण माझ्या पेपरात तू तुझं घातलंस आणि सुपरवायझरला कळलं, तर ते मला उठवतील. दोन वेळा मी दुसऱ्यांमुळे राहिले. तिसऱ्यांदा नको.”

स्नेहाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला खूप बोलायचं होतं. ती एवढंच म्हणाली, “मी नाही घातलं.”

“मग कुणी सांगितलं तुला?”

“तू.”

रत्नाताईनं उशीवरचा मोबाइल हातात घेतला. “ठीक आहे. ऐकू या.”

४

त्या दुपारच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी पंख्याची घरघर होती. मग रत्नाताईचा आवाज, पेनाची खरखर, आवाज, खरखर. स्नेहा वहीतल्या ओळींवरून बोट फिरवत होती. प्रत्येक वाक्य जुळत होतं. ‘ताट येण्यासाठी दुसरी खिडकी असे.’ खरखर. पेन थांबलं.

त्याच्यापुढे रत्नाताईचा आवाज यायला हवा होता. आला नाही. पंखा फिरत राहिला. लांबून एका ट्रॅक्टरचा आवाज आला आणि गेला.

मग पेन पुन्हा लिहायला लागलं.

कुणीच बोलत नव्हतं आणि पेन लिहीत होतं. भरभर नाही, घाईनं नाही. एक वाक्य लिहायचं, थांबायचं, जसं कुणी पुढचं सांगेपर्यंत थांबावं तसं. पुन्हा लिहायचं. स्नेहानं मोजलं. चार वाक्यं. वहीतही जास्तीची चारच होती.

“तेव्हा मी पाणी प्यायले होते,” रत्नाताई हळूच म्हणाली. “आठवतंय मला. मला वाटलं, तू आधीचं पूर्ण करतेयस.”

स्नेहा घरी गेली ती कुत्र्याकडे न बघता. संध्याकाळभर तिनं स्वतःला समजावलं. रत्नाताईच्या सगळ्या नोट्स तिनंच वाचून रेकॉर्ड करून दिल्या होत्या, तेव्हा डोक्यात काही राहिलं असेल. ती पुन्हा नोट्स घेऊन बसली. त्यात मातीचं होतं, पण हातभर उंचीचं नव्हतं, पावलांचं नव्हतं, मुलीचं तर नव्हतंच. मग तिला वाटलं, ऊन लागलं असेल. दुपारी अडीचचं ऊन, डोक्यावर पत्रे, माणसाला भास होऊ शकतो. पण भासानं शुद्धलेखन इतकं नीट कसं राहील? अक्षर तिचंच होतं, ओळीला ओळ धरून, एकही खाडाखोड नाही.

तिची एका जागी बैठक लागेना. आईनं विचारलं, “काय गं, मुंग्या चावल्यात का?” ती म्हणाली, “हो.”

दुसऱ्या दिवशी रत्नाताईनंच मार्ग काढला. ती रागावलेली नव्हती, उलट जास्तच मऊ बोलत होती. “आपण असं करू. माझं वाक्य संपलं, की मी बोटानं एकदा वाजवीन, इथं पलंगाच्या कडेवर, तिथं टेबलावर. टक. ज्याच्यामागं टक नाही, ते लिहायचं नाही. आणि हा भिंतीतल्या बायकांचा प्रश्न आपण सोडून देऊ. त्याला पर्याय असतो.”

टक सुरू झाल्यावर जास्तीचं काही आलं नाही. कॉफीची दुकानं, गावजत्रेतली नाटकं, नाव न घालता कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायका, सगळं सुरळीत झालं. पण स्नेहा आता अधूनमधून वर बघायची. त्यामुळे तिच्या ओळी चुकायच्या.

५

पेपर मंचरच्या एका कॉलेजात होता. जुन्नरहून सकाळच्या एसटीनं त्या तिघी गेल्या. जानकाबाई पोळी-भाजीचा डबा घेऊन बाहेर कडुनिंबाखाली बसल्या. बोलण्याचा इतरांना त्रास नको, म्हणून अशा परीक्षार्थींना वेगळी खोली देतात. यांना मिळाली ती प्रयोगशाळेमागची, जुनी बाकं ठेवायची अडगळ. एक टेबल, दोन खुर्च्या, एक पंखा. दाराशी सुपरवायझर उज्ज्वला मॅडम स्वेटर विणत बसल्या होत्या. मे महिन्यात.

“नातवाचा आहे. थंडीपर्यंत व्हायला हवा,” त्या न विचारताच म्हणाल्या. “करा सुरू. दोन वाजेपर्यंत वेळ आहे तुम्हाला.”

पहिले दोन प्रश्न छान गेले. वाक्य, टक, पेन. वाक्य, टक, पेन. स्नेहाला बरं वाटू लागलं. मग तिनं तिसरा प्रश्न वाचला. तो भिंतीतल्या बायकांचा होता. त्याला पर्याय होता, पण तो एका जुन्या दीर्घकाव्यावर, आणि ते प्रकरण यांच्या नोट्समध्ये नव्हतंच. वीस गुणांचा प्रश्न.

“लिहू,” रत्नाताई म्हणाली. तिनं चुन्नीनं कपाळ पुसलं. “सावकाश लिहू.”

तिनं पहिलं वाक्य सांगितलं. टक. दुसरं. टक. तिसरं आणि चौथं सांगताना ती अडखळली, पण टक आलं. पाचव्यापासून मात्र तिला सूर सापडला. वाक्यं एकापाठोपाठ यायला लागली, स्वच्छ, बांधीव. प्रत्येकामागे टक. स्नेहानं मान खाली घातली ती घातलीच. पान भरलं. ती मनात म्हणत होती, निघाला, पेपर निघाला.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिचं पेन अडलं. शाई उतरेना. तिनं ते झटकलं, कागदाच्या कडेला घासलं, मग कंपासमधून दुसरं शोधू लागली.

आवाज थांबला नाही.

रत्नाताई नेहमी पेन ऐकायची. पेन थांबलं, की ती थांबायची. हा आवाज तसाच पुढं चालला होता, एका लयीत. टक. पुढचं वाक्य. टक.

स्नेहानं वर बघितलं.

रत्नाताईचे ओठ मिटलेले होते. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक गुंफलेले. ती लक्ष देऊन ऐकत होती, पण तिचा चेहरा स्नेहाकडे नव्हता. तो स्नेहाच्या डाव्या अंगाला, खाली, भिंत जमिनीला मिळते तिथं वळलेला होता. जमिनीपासून हातभर उंचीवर. आणि ती मान डोलवत होती. स्नेहा वाचून दाखवायची तेव्हा डोलवायची तशी.

टक.

“एकीनं बोला गं, एकीनं लिहा,” उज्ज्वला मॅडम सुयांवरून नजर न काढता म्हणाल्या. “दोघी एकदम बोलू नका. पलीकडं पोरं पेपर लिहितायत.”

आवाज थांबला. पंखा तेवढा फिरत राहिला.

“थांबलीस का?” रत्नाताई कुजबुजली. “वाच ना पुढचं.”

“मी वाचत नव्हते.”

“आत्ता तर वाचत होतीस. पान-दीड पान.”

“मी लिहीत होते, रत्नाताई. तू सांगत होतीस.”

रत्नाताईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. “मी चार वाक्यं सांगितली आणि मला पुढचं आठवेना,” ती म्हणाली. “मग तू वाचायला लागलीस. तुझाच आवाज होता. मला वाटलं, घाबरट पोरगी, पण माझ्यासाठी एवढं धाडस करतेय.”

स्नेहानं पट्टी घेतली आणि त्या दीड पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

“खोडलंस?”

“हो.”

रत्नाताईनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “ते सगळं मला पाठ झालंय. एकदाच ऐकलं, पण शब्दन् शब्द आहे डोक्यात. आता मी सांगते. माझ्या तोंडानं.”

“नको ना.”

“तुझा नियम काय आहे? मी सांगेन ते लिहायचं.”

“रत्नाताई, प्लीज.”

“वीस वर्षं, स्नेहा,” ती म्हणाली. “वीस वर्षं मी त्या खोलीत आहे. मला तिथून जायचंय.”

स्नेहानं पेन उचललं. या वेळी तिनं एकदाही मान खाली घातली नाही. रत्नाताईच्या ओठांकडे बघत, न बघता कागदावर लिहीत गेली. ओळी वाकड्या झाल्या. शेवटचं वाक्य होतं, ‘तिला एकटे वाटत नसे, कारण वाचून दाखवणारी तिच्यापाशीच असे.’

रत्नाताईनं टेबलावर बोट वाजवलं.

६

जूनमध्ये निकाल लागला. रत्नाताई पास झाली. जानकाबाईंनी सगळ्या वस्तीत पेढे वाटले, विहारात सगळ्यांसमोर तिचं कौतुक झालं. ती सोमवारी पुण्याला जाणार होती. स्नेहा दारातूनच पेढा घेऊन परतली, रत्नाताईच्या खोलीत गेली नाही. शाळेची तयारी आहे म्हणाली.

शाळा सुरू झाली होती, तशी तिची अस्वस्थता वाढली होती. सर फळ्याकडे वळून गप्प झाले, की ती आपल्या उजव्या हाताकडे बघायची. तो लिहीत तर नाही ना? मग पेन खाली ठेवून हात बाकाखाली घालायची. शेजारची वृषाली म्हणाली, “तू कॉपी करतेस का गं? सारखा हात लपवतेस.” वर्ग हसला. स्नेहाचे कान तापले, पण हात वर आला नाही.

रविवारी दुपारी जानकाबाई घरी आल्या. त्या दारातच थबकल्या. स्नेहा तांदूळ निवडत होती. जानकाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “तू हितं कवा आलीस?”

“मी घरीच आहे, मावशी. सकाळपासून.”

“न्हाई गं.” त्या उंबऱ्यावर बसल्या. “रत्नानं काल सांजंपासनं कडी लावलीया. म्हनती, सोमवारी जायाचं, तवर वाचून घेते, स्नेहा हाय माझ्याजवळ. मी ताट खिडकीतनं दिलं. म्हनलं, तिकडं शिकवायचं वाचत असत्याल. आतनं तुझा आवाज येतोय की. आत्तापन येत व्हता. म्हनून मीच म्हनलं, तुझी आई वाट बघत असंल, जाऊन सांगावं.”

स्नेहाच्या मांडीवरचं ताट सरकलं आणि तांदूळ जमिनीवर पसरले.

“मीच म्हनत व्हते जाऊ नको, जाऊ नको,” जानकाबाईंचा आवाज फुटला. “लई वेळा म्हनले. आता बॅग भरून ठेवलीया, तर बाहीर येईना.”

७

पायवाटेवरून स्नेहा पळत गेली, मागोमाग जानकाबाई. कुत्रं जागेवर नव्हतं.

रत्नाताईच्या खोलीला वावराच्या बाजूनं एकच खिडकी, गजांची. तिच्यावर जानकाबाईंच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. बाहेर एवढं ऊन होतं, की आतलं काहीच दिसत नव्हतं. खिडकीत कालचं ताट होतं. भाकरी वाळून कडक झाली होती.

आतून आवाज येत होता. कुणी तरी वाचत होतं. सावकाश, प्रत्येक शब्द नीट उच्चारून. स्नेहाला आपला आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकायची सवय होती, म्हणून ओळखायला क्षणही लागला नाही. तिनं स्वतःच्या ओठांवर हात ठेवून बघितला. ते मिटलेले होते.

“रत्नाताई!” ती ओरडली. इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. “रत्नाताई, मी बाहेर आहे. खिडकीत.”

वाचन थांबलं.

“स्नेहा?” रत्नाताईचा आवाज झोपेतून उठल्यासारखा आला. “बाहेर? मग इथं कोण वाचतंय?”

पलीकडे जानकाबाई दारावर थापा मारत होत्या. “कडी काढ, रत्ना! बाय माझी, कडी काढ!”

“दाराकडे ये,” स्नेहा म्हणाली. “तुझी आई थापा मारतेय तिकडं.”

आत हातांचा आवाज झाला, भिंत चाचपल्यासारखा. वीस वर्षांत रत्नाताईला त्या खोलीत कधी काही चाचपावं लागलं नव्हतं. खुंटी, घागर, मोबाइलचं चार्जर, सगळं ती सरळ हात घालून घ्यायची.

“दार हाताला लागत नाहीये,” ती म्हणाली. “भिंतच आहे. स्नेहा, इकडंही भिंतच आहे.”

“मग माझ्या आवाजाकडे ये. खिडकीकडे.”

“तुझा आवाज दोन्हीकडून येतोय.”

स्नेहानं पडद्याखालून हात घातला. गजांमधून खांद्यापर्यंत, गाल लोखंडाला चिकटेपर्यंत आत घातला. आत गार होतं. पत्र्याखालच्या खोलीत, जूनच्या भर दुपारी, ओल्या मातीसारखं गार. “मी हात आत घातलाय,” ती म्हणाली. “बोलू नको. कुणाचंच ऐकू नको. फक्त हात धर.”

अनवाणी पावलं ऐकू आली. एक, दोन, तीन.

हात धरला गेला. पाची बोटांनी, घट्ट.

“धरला!” स्नेहा किंचाळली. “मावशी, धरला मी तिला!”

आणि खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यातून, लांबून, रत्नाताई म्हणाली, “कुठं आहे गं तुझा हात? मला सापडत नाहीये.”